पाठीवर हुकांचा झंपर

१९५७च्या जूनमध्ये मी मालवणच्या मुलींच्या शाळेत नोकरीला लागले आणि धुरीवाड्यात मथुराकाकींच्या घरची पडवीतली खोली भाड्याने घेतली. मी पिंगुळीची, कुडाळकडची. समुद्राचा वारा मला नवा होता, आणि काकींसारखी बाईही नवीच होती. चाळिशी ओलांडलेल्या, काळ्यासावळ्या, मनगटं पुरुषासारखी रुंद, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. नवरा गणपत धुरी मालवाहू बोटीवर खलाशी, वर्षातले दहा महिने पाण्यावर. मूलबाळ नाही. गणपतकाकांनी मुंबईहून आणून दिलेल्या शिलाई मशीनवर त्या अर्ध्या गावाचे झंपर शिवायच्या.

बोलणं बेताचं. पण एक शब्द त्यांच्या तोंडी सतत असायचा, शिसारी. कुणी सभेचं आमंत्रण आणलं, कुणी कसल्या मदतीची पावती फाडायला आलं, की दार लावता लावता म्हणायच्या, "माका शिसारी येता." मला आधी वाटलं, बाई माणूसघाणी आहे. मग परसातल्या मांगरात राहणारी पिएदाद आणि तिचा म्हातारा सासरा शिमांव यांची ओळख झाली, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत काकींकडून तुकड्यातुकड्यांनी सगळं ऐकलं.

ते असं घडलं. १९५५ साली गोव्यात अजून पोर्तुगिजांचं राज्य होतं, म्हणजे आपल्या लेखी परदेशच. ऑगस्टातल्या सत्याग्रहानंतर तिथल्या पोलिसांनी धरपकड सुरू केली आणि जीव वाचवून माणसं इकडे येऊ लागली. तेरेखोलची खाडी होडीने ओलांडायची, रेडी, शिरोडा करत वेंगुर्ल्याला पोचायचं. सप्टेंबरअखेर त्यांतली तेवीस माणसं ट्रकने मालवणात आली. गावात लगेच समिती स्थापन झाली. अध्यक्ष हरिश्चंद्रशेट, नारळसुपारीचे व्यापारी, स्वतःची तीन गलबतं. महिला शाखेच्या प्रमुख त्यांच्या पत्नी राधाबाई. काकी आपण होऊन गेल्या. म्हणाल्या, माझ्याकडे मशीन आहे, शिवायचं-टिपायचं काम मी करते. त्यांना मनापासून वाटलं होतं. दुसऱ्याच्या गावात अंगावरच्या कपड्यांनिशी उतरायचं म्हणजे काय, हे खलाशाच्या बायकोला कुणी सांगावं लागत नाही.

पहिल्याच आठवड्यात त्यांच्या ओटीवर दान आलेल्या कपड्यांची गाठोडी येऊन पडली. अकरा गाठोडी. काकींनी पहिलं सोडलं आणि उंदराची चार पिल्लं बाहेर पडली, गुलाबी, केस न फुटलेली. दुसऱ्यात मेलेल्या माणसांची धोतरं. आजारपणातले डाग तसेच, पिवळे, कडा तपकिरी. काखेत फाटून घामाने कडक झालेले झंपर. एक लंगोट. एका चांगल्या घरातून आलेल्या गाठोड्यात पायपुसणी होती, पायपुसणीच, घडी घालून, वर दात्याच्या नावाची चिठ्ठी.

"चिठ्ठी लावलेली," काकी मला सांगत होत्या आणि हे सांगतानाही त्यांनी पदर नाकाशी नेला होता. "नाव मोठ्या अक्षरात. वाचून दाखवतले म्हणान."

आणि समितीने सभेत ते नाव खरंच वाचून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आलेल्यांची सोय गावातल्याच मेढा भागातल्या सुक्या मासळीच्या रिकाम्या गुदामात केली होती. पावसाळ्यात भिजलेल्या बांगड्याचा वास तिथल्या भिंतींत मुरलेला. दोनच दिवसांत तेवीसपैकी एकवीस माणसं तिथून हलली. ती हिंदू होती. कुणाची सोयरीक निघाली, कुणाचं कुलदैवत जुळलं, आणि गावाने त्यांना घरोघर नेलं. उरली दोघं. पिएदाद आणि शिमांव. किरिस्तांव. पाव भाजणारं घराणं, गोव्यात पावाच्या भट्टीवाल्याला पोदेर म्हणतात, ते. पिएदादचा नवरा कायतान पावाच्या टोपलीत, पावांच्या खाली सत्याग्रहाची पत्रकं लपवून गावोगाव पोचवत असे. कुणीतरी चुगली केली. कायतानला तुरुंगात टाकलं, आणि तो नावं सांगेना म्हणून पिएदादला पोलीस ठाण्यात नेऊन चामड्याच्या पट्ट्याने मारलं. ती सुटून आली त्या दिवशीच सासऱ्याला घेऊन निघाली.

म्हणजे ज्यांनी सगळ्यांत जास्त सोसलं तीच दोन माणसं गुदामात राहिली. जेवण जायचं, नाही असं नाही. स्वयंसेवक पत्रावळ उंबऱ्यावर ठेवायचा आणि काठीने आत सारायचा. बायका बघायला यायच्या, नाकाला रुमाल लावून. वास गुदामाचा होता, पण घरी जाऊन सांगताना म्हणायच्या, त्या लोकांना कसला वास येतो गो.

"तुम्ही?" मी एकदा विचारलं.

"मी पण रुमाल लायलंय पहिल्या दिवशी," काकी म्हणाल्या. "खोटा कित्याक बोलू?"

पावसाळ्यात बंद असलेली बोट ऑक्टोबरात सुरू झाली आणि मुंबईच्या गिरण्यांतल्या मालवणी कामगारांनी गोणीभर घोंगड्या पाठवल्या. नव्या कोऱ्या, जाड, तांबड्या काठाच्या. गोणी हरिश्चंद्रशेटांच्या माडीवर गेली. चार दिवसांनी गुदामात घोंगड्या पोचल्या त्या करड्या, विरलेल्या, कुठल्या तरी गोठ्यातल्या. काकींनी राधाबाईंना विचारलं. राधाबाई हसून म्हणाल्या, "अगं, त्यांना सवय नसते चांगल्याची. खराब करतील."

पुढची गोष्ट सांगायला काकींना जड गेलं. माझ्या तिथल्या राहण्याला दोन वर्षं झाल्यावर त्यांनी ती सांगितली, तीही मशीनवरून मान वर न करता.

समितीच्या सभा गावोगाव होत. कणकवली, कुडाळ, वेंगुर्ला. प्रत्येक सभेला पिएदादला गाडीत घालून नेत. भाषणं झाली की राधाबाई तिला पुढे आणायच्या, लोकांकडे पाठ करून उभी करायच्या आणि पाठीवरचे वळ दाखवायच्या. लोक हळहळायचे, हंड्यात पैसे पडायचे. पिएदादला समितीने नऊवारी नेसवली होती, म्हणजे ती लोकांना आपल्यातली वाटेल. पण झंपर पुढून गाठीचा. तो सोडायचा, खांद्यावरून उतरवायचा, ह्यात वेळ जायचा.

जानेवारीत मालवणची मोठी सभा ठरली. राधाबाई कापड घेऊन काकींकडे आल्या.

"मथुरा, हिच्या मापाचा एक झंपर शिव. हुक पाठीवर हवेत, मानेपासून कमरेपर्यंत."

"पाठीर कित्याक?"

"अगं, वळवली की एका झटक्यात उघडता यायला नको? लोक ताटकळतात. आणि अस्तर लावू नकोस, अडकतं."

काकींनी झंपर शिवला.

"मी शिवलंय, मास्तरणी," त्या मला म्हणाल्या. "सात हुक लावलंय. काजा पण बरी केलंय, बारीक. शिवता शिवता माका इतक्याच वाटला, की काम नेटका व्होया."

सभा शाळेच्या मैदानावर, दुपारी चारला. काकींना मंचाच्या मागे उभं केलं होतं, पदराला टाचण्या लावायला. पिएदाद काही बोलत नव्हती, ती कुठल्याच सभेत बोलायची नाही. राधाबाईंनी तिला वळवलं आणि हुक काढले. एका झटक्यात निघाले, शिवण उत्तम होती. पाठ उघडी पडली. पट्ट्याचे वळ आता काळे पडले होते, दोन ठिकाणी मांस वर आलेलं. गर्दी पुढे सरकली. मागचे बाकांवर चढले. पहिल्या रांगेत पानाचा तोबरा भरलेला एक माणूस होता, चांगला कोटटोपीतला. त्याने मान लांब करून शेजाऱ्याला विचारलं, "खाली पण आसत काय रे?"

मंचाच्या मागे काकींना ते स्पष्ट ऐकू आलं.

त्या मंचावर चढल्या. स्वतःचा पदर पिएदादच्या पाठीवर टाकला आणि पदराच्या आडून हुक लावायला लागल्या. सात हुक. ते लावायला फार वेळ लागत होता. हरिश्चंद्रशेट दातांतल्या दातांत म्हणाले, "मथुराबाई, कार्यक्रम चालू आहे."

"तुमचो कार्यक्रम चालू ठेवा," काकी म्हणाल्या. "ही परत येवची नाय."

त्या तिला घेऊन खाली उतरल्या. मागून राधाबाईंचा आवाज आला, "उपकाराची जाण म्हणून नाही कुणाला." तो पिएदादसाठी होता की काकींसाठी, कळायला मार्ग नव्हता.

त्याच संध्याकाळी म्हातारा शिमांव आणि पिएदाद गुदाम सोडून काकींच्या मांगरात आले. मांगर म्हणजे परसातली गवताने शाकारलेली कोठी, तिथे गणपतकाकांची जुनी जाळी पडलेली असायची. काकींनी तो झंपर चुलीत घातला. कापड सुती होतं, जळलं, हुक राखेत राहिले, ते त्यांनी चिमट्याने काढून गटारात टाकले. मग पिएदादला बंद गळ्याचा, लांब बाह्यांचा झंपर शिवून दिला.

नवऱ्याला पत्र टाकलं, की असं असं केलंय. महिन्याने एडनहून उत्तर आलं, एका ओळीचं. 'राहू दे, जाळी उंदीर खाणार नाहीत एवढं बघ.'

समितीने काकींचं नाव काढून टाकलं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. पण मांगरातल्या दोघांना आता स्वतःच्या हाताने खायचं होतं, आणि त्यांना येत होतं ते एकच. शिमांवने आठ दिवसांत चिऱ्यांची आणि मातीची भट्टी बांधली. सत्तरीचा म्हातारा, गुडघे सुजलेले, पण मातीत हात घातला की त्याची पाठ सरळ व्हायची. पावाचं पीठ फुगायला माडाची ताजी माडी लागते, ते तिला सूर म्हणतात. आणि मुंबई राज्यात तेव्हा दारूबंदी होती. माडाला हात लावायचा तर परवाना हवा. काकींचा चुलत दीर बाबली चोरून एक माड काढत असे. तो रोज अर्धी बाटली देऊ लागला. पिण्यासाठी एक थेंब नाही, पिठापुरती.

धुरीवाड्यात पावाचा वास सुटला. लोक वासाला थांबायचे, पण विकत घेत नसत. किरिस्तांवाच्या हातचा पाव, पायाने मळतात म्हणे. ख्रिस्ती वाड्यातली चार घरं, कस्टमचे दोन कारकून, स्टँडवरचा एक चहावाला, एवढंच गिऱ्हाईक. चहावाला तो पाव फोडून, वर साखर भुरभुरून, बिस्कीट म्हणून विकायचा. मग तो चालायचा.

मेच्या पहिल्या आठवड्यात सकाळी दत्ताराम हवालदार दोन शिपायांना घेऊन परसात आला. कुणी धाडलं ते त्याने सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. त्याने बाटली हुंगली, पिठाच्या परातीला लाथ मारली. फुगलेलं पीठ मातीत पडलं आणि कोंबड्या धावल्या. शिमांवला दंडाला धरून उभा केला. म्हातारा कोकणीत काहीतरी विनवीत होता. त्याला वाटलं आपण परत तिकडेच आहोत, तेच पोलीस आलेत. त्याची लुंगी पुढून भिजली. शिपाई हसले.

"दत्तारामा," काकी म्हणाल्या, "तुझ्या बापाशीच्या वयाचो तो."

"कायदो आसा, वयनी. माझ्या हातात काय नाय."

काकी तडक हरिश्चंद्रशेटांच्या घरी गेल्या. अंगणात आमसुलं वाळत घातली होती, कोकमाच्या रसाने लालजांभळी झालेली, माशा घोंगावत होत्या. खाली अंथरलेल्या होत्या मुंबईच्या घोंगड्या. तांबडे काठ तेवढे ओळखू येत होते. तीन मोजल्या त्यांनी. चौथ्या घोंगडीवर कुत्री व्यालेली.

हरिश्चंद्रशेट पडवीत झोपाळ्यावर होते. सकाळचे अकरा वाजले होते आणि त्यांच्या तोंडाला दारूचा वास येत होता, गोव्याच्या दारूचा. खाडीतून माणसांच्या आधीपासून ती येत होती, आणि ज्या गलबतांतून यायची त्यांतलं एक ह्यांचंच होतं, हे अख्ख्या बंदराला माहीत होतं.

"म्हाताऱ्याक सोडवन आणा," काकी म्हणाल्या.

"कायद्यापुढे मी काय करणार, मथुराबाई? त्या लोकांना शिस्त नाही. आपण आश्रय दिला, आणि ते इथे दारू..."

"शेटनू, तुमच्या तोंडाचो वास दत्तारामाक येना नाय? मगे मी तेका हाडून दाखवतंय. पेठेतसून बोंबलत जातंय. घोंगड्यो पण दाखवतंय. चार आसत."

शेट झोपाळ्यावरून उठले नाहीत. तिथूनच त्यांनी आत हाक मारून कोट मागवला. दुपारी तीनला शिमांव घरी परत आला. गुन्हा नोंदवला नाही.

ह्या गोष्टीचा काकींना आनंद असेल असं मला वाटलं होतं. मी तसं बोलूनही गेले. त्या चिडल्या.

"कसलो आनंद? लाज वाटान सोडल्यान असता तर गोष्ट वेगळी. भियालो म्हणान सोडल्यान. आणि मी तेका भिवडावलंय, म्हणजे मी पण तशीच. घरी येवन आंघोळ केलंय मी."

त्या आंघोळीनंतरची गोष्ट मला पिएदादने सांगितली, काकींनी नाही. काकी ओल्या केसांनी मांगराच्या दाराशी आल्या. पिएदाद सासऱ्याचे पाय चोळत होती. काकींच्या हातात एक कप होता, कान तुटलेला. चार महिने त्या पिएदादला त्याच कपातून चहा देत होत्या. तो परसदारी वळचणीत वेगळा ठेवलेला असायचा आणि राखेने वेगळा घासला जायचा. काकींनी तो दगडावर आपटून फोडला आणि म्हणाल्या, "मी तुका वेगळो कप ठेवलंय इतके दिवस. तुका ठावक नाय."

"म्हाका खबर आसा," पिएदाद म्हणाली. तिला माहीत होतं. "तुजो कप तूं उजव्या हातान धुता, म्हजो दाव्या."

काकी उंबऱ्यावर बसल्या. पिएदादने पाय चोळणं थांबवलं नाही. खाली बघतच ती म्हणाली, की तिच्या आईच्या घरी शेतात राबायला गावड्याची, म्हणजे खालच्या मानलेल्या जातीची बाई यायची, तीही ख्रिस्तीच, एकाच देवळात मिसाला बसायची, आणि तिला पेज मिळायची नारळाच्या करवंटीत. "ती करवंटी हांव भायर दवरतालें," पिएदाद म्हणाली. बाहेर ठेवायचं काम तिचं होतं. "म्हाका केन्नाच कांयच दिसलें ना." तिला कधी काही वाटलं नव्हतं.

दोघींनी त्या दिवशी एकमेकींना क्षमा वगैरे केली नाही. पिएदाद मला म्हणाली, आम्ही दोघी बसलो आणि आम्हाला दोघींनाही घाण वाटत होती.

माडीचा रस्ता बंद झाला. गणपतकाका पावसाळ्यात घरी आले तेव्हा मुंबईहून डब्यातलं सुकं यीस्ट घेऊन आले. शिमांवने ते जिभेवर घेऊन थुंकलं, ह्याचा पाव काय पाव, म्हणाला. पण त्याचाच केला. पुढे काका नसतानाही दर दोन महिन्यांनी मुंबईच्या बोटीने डबा येत राहिला. मी राहायला आले तेव्हा पाव बऱ्यापैकी खपत होता. बाळंतिणींना डॉक्टरांनी सांगितला, तापकऱ्यांना दुधात कुस्करून देऊ लागले, मग न्याहारीला. ५८ सालापर्यंत धुरीवाड्यात सकाळी रांग लागायची. राधाबाईंचा गडीही यायचा, पिशवी पुढे करून तोंड दुसरीकडे वळवून. पहिल्यांदा आला तेव्हा मी काकींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "दी गो तेका. खावंदे." आणि आत जाऊन चूळ भरून आल्या.

१९५९च्या उन्हाळ्यात कायतान सुटला आणि महिन्याभराने चोरवाटेने मालवणात पोचला. दाराशी उभा राहिला तेव्हा त्याच्या बायकोने त्याला ओळखलं, बापाने ओळखलं नाही. समोरचे चार दात नव्हते. तो फार बोलायचा नाही, भट्टीसमोर बसून असायचा. समितीचा माणूस आला दुसऱ्याच दिवशी, सत्काराचं विचारायला. कायतानने त्याला एक पाव दिला, पैसे घेतले आणि पाठ फिरवली. शिमांव त्याच वर्षी नाताळच्या आधी गेला. त्याला मालवणच्या सिमितेरीत पुरला.

मग ६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. पेठेत पेढे वाटले. जानेवारीत मोठा समारंभ झाला, हरिश्चंद्रशेटांना शाल, राधाबाईंना मानपत्र. निर्वासितांची माता, असं त्यात लिहिलं होतं. हस्ताक्षर माझं आहे. शाळेत माझं अक्षर चांगलं म्हणून हेडमास्तरांनी ते मला लिहायला दिलं आणि मी लिहिलं. नोकरी होती. काकींना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बरा लिवलंस मां? नेटका?" मला त्या वेळी तोंड लपवायला जागा नव्हती.

एप्रिलमध्ये पिएदाद आणि कायतान परत गेले. पुढच्या वर्षी काकी आणि मी त्यांना भेटायला गेलो. बार्देशातलं छोटं गाव. भट्टी पुन्हा पेटली होती, पिएदादने आमच्यासाठी तिसऱ्यांचं कालवण केलं होतं. जेवायला बसणार तोच बाहेरून एक गृहस्थ आले. गोरे, गुबगुबीत, डोक्यावर पांढरी टोपी, कडक इस्त्रीची. मालवणहून पाहुण्या आल्याचं कळलं म्हणून मुद्दाम आले होते. हात जोडून म्हणाले, "तुमी आमच्या लोकांक आश्रय दिलो. तुमचे उपकार आमी विसरचे ना." गावात झेंडावंदनाचे अध्यक्ष तेच होते, शाळेच्या कमिटीतही तेच.

ते गेल्यावर काकींनी विचारलं, हे कोण?

"तोच," पिएदाद म्हणाली.

कायतानची चुगली करणारा. त्याच्याच ओसरीवर पोलीस बसले होते, त्यानेच बोट दाखवलं होतं.

"आणि तुमी तेका घरात घेतास?"

"रोज धा पाव व्हरता," पिएदाद म्हणाली. रोज दहा पाव नेतो. "गांव ल्हान. खंय वचूं?" गाव लहान, जाणार कुठे?

कायतान जेवत होता. त्याने मान वर केली नाही, दात नसल्यामुळे त्याला घास चावायला वेळ लागायचा.

काकी ताटावरून उठल्या आणि मागच्या दारी गेल्या. मी पाठोपाठ गेले तर त्या माडाच्या बुंध्याला धरून ओकत होत्या. पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नव्हतं, नुसतंच पाणी पडत होतं. मी पाठीवर हात ठेवला तो त्यांनी झटकला.

परतताना आम्ही सावंतवाडीला गाडी बदलली. स्टँडवर उतरल्यावर काकी म्हणाल्या, "मास्तरणी, मी थय परत जावचंय नाय." आणि गेल्या नाहीत.

६३च्या अखेरीला माझी बदली खारेपाटणला झाली, पण सुट्टीत मी मालवणला जायची. पिएदाद दरवर्षी नाताळच्या आधी चार दिवस यायची, सासऱ्याच्या थडग्यावर मेणबत्त्या लावायला, आणि काकींकडे राहायची. आल्याची बातमी पसरली की पेठेतली माणसं भेटायला येत. 'आमची पिएदाद' म्हणत येत. राधाबाई एकदा स्वतः नारळ घेऊन आल्या होत्या. काकी दारातच उभ्या राहून सांगायच्या, "ती निजली आसा," आणि आतून कडी घालायच्या. पिएदाद स्वयंपाकघरात पाय पसरून बसलेली असायची, पुढ्यात कोळंबीची रास. काकी येऊन तिच्यासमोर बसायच्या आणि दोघी कोळंबी सोलायला लागायच्या.